स्वरांची रोजकीर्द



आमच्या आजोबांच्या काळातील दुकानाच्या वह्या अजून माळ्यावरील लाकडी पेटीत आहेत. लाल कापडाची बांधणी, लांबट पाने आणि सगळा मजकूर मोडीत. काही वर्षांपूर्वी मी त्या उघडल्या, तेव्हा मोडी शिकून मला सहा महिने झाले होते आणि आता आपल्याला काहीही वाचता येईल असा थोडा गर्वही मनात होता. सरकीच्या एका व्यवहाराची बेरीज करून पाहिली, ती जुळेना. पुन्हा केली, तरी जुळेना. शेवटी गल्लीतील एका वयोवृद्ध अडत्यांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेले आणि रकमेच्या आधीच्या एका आखूड शब्दावर बोट ठेवले. "ही रक्कम कलदार आहे, तिच्याखालची हाली. दोन्हींची एकत्र बेरीज केलीस तर जुळेल कशी?"

निजामाच्या राज्यात सात हाली रुपयांना इंग्रजी सहा कलदार असा भाव असे, हे मी ऐकून होतो. वही वाचताना मात्र ते ध्यानात आले नाही. आकडे मी अचूक वाचले होते, हिशेब चुकीचा वाचला होता.

गेली दोन वर्षे मी याहून पुष्कळ जुने असे एक लेखन वाचायला शिकत आहे. ते तेराव्या शतकातील स्वरलेखन आहे. ते वाचावयाचे आणि आजच्या स्वरलिपीत उतरवावयाचे, असा हा अभ्यास. त्यात पावलोपावली मला त्या अडत्यांचे बोट आठवले. म्हणून या महिन्याच्या सदरात हा विषय घेतला आहे. विषय संगीताचा असला तरी व्यापारी घरांना तो परका वाटणार नाही.

या अभ्यासाकडे मी वळलो तो आमच्या मोठ्या आत्याबाईंमुळे. वय चौऱ्याऐंशी. जिंतूरच्या नेमगिरीवर किंवा नवागडच्या नेमिनाथांच्या दर्शनाला निघालेल्या गाडीत त्यांनी पद धरले की सगळी गाडी शांत होत असे. त्यांच्याजवळ त्यांच्या सासूबाईंनी लिहिलेला एक गुटका आहे. त्यात बारा पदे आहेत आणि प्रत्येक पदाच्या माथ्यावर 'चाल' असे लिहून दुसऱ्या एखाद्या गीताचे पहिले दोन-तीन शब्द दिले आहेत. स्वर कोठेही नाहीत. ज्याला ते दुसरे गीत येते, त्यालाच हे पद गाता येणार. जैन कवींची ही फार जुनी रीत. गुजराती-राजस्थानी रासांत प्रत्येक ढाळीच्या आरंभी अशीच 'देशी' नोंदवलेली असते. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गुर्जर कविओ' या ग्रंथात अशा देशींची मोठी सूचीच दिली आहे.

गुटक्यातील बारापैकी अकरा पदे आत्याबाईंना चालीसह येतात. बारावे येत नाही. त्याच्या माथ्यावर ज्या गीताचे नाव आहे ते गीत त्यांनी लहानपणी ऐकले होते एवढेच त्यांना आठवते. पद कागदावर पूर्ण आहे, एक अक्षरही गहाळ नाही. पण ते आता गाता येत नाही. उरलेल्या अकरा पदांचीही हीच गत होण्यास फार वर्षे लागणार नाहीत, हे त्या दिवशी मला प्रथम जाणवले. पूर्वीचे लोक स्वर कसे लिहून ठेवीत, असा प्रश्न मनात आला आणि त्याचे उत्तर शोधताना मी देवगिरीला पोहोचलो.

आपण परभणी, मानवत रोड, सेलू या स्थानकांवरून मनमाडच्या दिशेने कितीदा तरी प्रवास करतो. छत्रपती संभाजीनगर सोडले की दौलताबादचा किल्ला दिसू लागतो. हीच यादवांची देवगिरी. येथे सिंघण यादवाच्या कारकिर्दीत, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचे आजोबा भास्कर हे काश्मीरहून दक्षिणेत आले होते. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असे ग्रंथाचे सात अध्याय आहेत आणि त्यात २६४ रागांची गणना आहे. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही संगीतपरंपरा या ग्रंथाला आधार मानतात. आपला परभणी जिल्हा त्या काळी याच यादवांच्या राज्यात होता. चारठाण्याची जुनी मंदिरे पाहताना आपण जो काळ पाहतो, त्याच काळातील हे लेखन.

व्यापारी वाचकांना विशेष वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे. शार्ङ्गदेव हा दरबारी गवई नव्हता. तो श्रीकरणाचा प्रमुख होता. श्रीकरण म्हणजे राज्याचे दप्तर आणि जमाखर्च पाहणारे खाते. दिवसभर यादवांच्या राज्याचा हिशेब पाहणाऱ्या माणसाने स्वरांचाही हिशेब लिहून ठेवला. ग्रंथातील नेटकेपणा पाहिला की हे पटते.

या विद्येत आपले आचार्यही मागे नव्हते. सात स्वरांची नावे व लक्षणे स्थानांगसूत्रात आणि अनुयोगद्वारसूत्रात आली आहेत. साधारण रत्नाकराच्याच काळातील पार्श्वदेव या जैन ग्रंथकाराने 'संगीतसमयसार' लिहिला आणि त्यात त्या वेळच्या गायक-वादकांच्या बोलीतील शब्द जपून ठेवले. पुढे इ.स. १३५० च्या सुमारास सुधाकलश यांनी 'संगीतोपनिषत्सारोद्धार' रचला. वीतराग मार्गावरील ग्रंथकारांनी संगीतावर इतके बारकाईने का लिहावे, असे कोणी विचारील. जिनपूजेत गायन आहे, आणि ज्यायोगे मन स्थिर होते ते नीट समजून घेणे हे त्यांना शास्त्राचेच काम वाटले असावे.

आता प्रत्यक्ष लेखनाकडे येऊ. रत्नाकर हा ग्रंथ १८९६-९७ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने छापला. मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी तो संपादित केला होता आणि सोबत कल्लिनाथाची टीका दिली होती. डॉ. ग. ह. तारळेकर यांचा मराठी अनुवादही आहे. मी मूळ ग्रंथ आणि अनुवाद असे दोन्ही पुढ्यात ठेवून बसत असे.

पहिल्या दृष्टिक्षेपात हे लेखन फार सोपे वाटते. स्वरांची आद्याक्षरे तीच, आपली रोजची: स, रि, ग, म, प, ध, नि. जातींच्या उदाहरणांत एका ओळीत आठ घरे असतात. घरात एकच स्वर असला तर तो दीर्घ लिहितात, सा किंवा पा असा. दोन स्वर असले तर ते ऱ्हस्व, निध किंवा धनि असे. खाली गीताची अक्षरे. म्हणजे दोन ऱ्हस्व मिळून एक दीर्घ, हे गणित उघड आहे. काही ग्रामरागांच्या खाली आलाप, करण आणि आक्षिप्तिका असे स्वरांचे नमुने आहेत. तालासाठी वेगळ्या खुणा आहेत: लघूला उभी रेघ, गुरूला अवग्रहासारखी खूण, द्रुताला शून्य. मार्गतालातील लघु म्हणजे पाच ऱ्हस्व अक्षरे उच्चारण्यास लागणारा वेळ. गुरु त्याच्या दुप्पट, प्लुत तिप्पट, द्रुत निम्मा. हे वाचून मला वाटले, यात अवघड ते काय? पेटी पुढे ओढली आणि वाजवू लागलो.

पहिली चूक तेथेच झाली. लहानपणी मी पं. भातखंडे यांच्या पद्धतीने स्वरलिपी शिकलो होतो. त्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असले की तो तार सप्तकातला आणि खाली असले की मंद्र सप्तकातला. मध्यमावर उभी रेघ असली की तो तीव्र. त्याच सवयीने मी टिंबाचे स्वर उंच आणि रेघेचा मध्यम तीव्र घेत गेलो. चाल अशी काही विचित्र उड्या मारू लागली की घरातील मुले हसू लागली. कित्येक दिवस मी दोष छपाईला देत होतो. पुढे पहिल्याच अध्यायात, अलंकारांच्या प्रकरणात, शार्ङ्गदेवाने दिलेला नियम सापडला: डोक्यावर बिंदू असलेला स्वर मंद्र, डोक्यावर उभी रेघ असलेला स्वर तार. आज आपण जे टिंब वर चढण्यासाठी वापरतो, ते तेथे खाली उतरण्यासाठी होते. जमेच्या रकमा मी नावे बाजूस टाकीत होतो. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या पद्धतीत मंद्राला वर टिंब आणि ताराला उभी रेघ अशाच खुणा आहेत. ज्यांनी त्या पद्धतीने धडे घेतले असतील, त्यांची ही ठेच वाचेल.

दुसरी चूक याहून खोल होती आणि ती मला पुष्कळ उशिरा कळली. सप्तके सुधारली, तरी चाल ओळखीची वाटेना. आज आपण नुसते 'ग' लिहिले की तो शुद्ध गांधार, बिलावलातला. शार्ङ्गदेवाच्या काळी शुद्ध स्वरांचा मेळ वेगळा होता. तो आजच्या काफी थाटाच्या जवळचा होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे त्या पानावरील 'ग' आणि 'नि' आजच्या कोमल स्वरांजवळ येतात. त्याशिवाय अंतर गांधार आणि काकली निषाद हे चढे स्वरही होते. पण ते लागतात की नाही, हे स्वराच्या अक्षरावरून कळत नाही. रागाचे लक्षण सांगणारा श्लोक आधी वाचावा लागतो, तेथे ते सांगितलेले असते. अक्षर तेच, किंमत वेगळी, आणि किंमत सांगणारा शब्द दुसरीकडे. मला त्या वेळी हाली आणि कलदार आठवले.

तिसरी अडचण ही चूक नव्हे, ती लेखनाची मर्यादा आहे. रत्नाकरात पंधरा गमकांचे वर्णन आहे, पण ते तिसऱ्या अध्यायात, स्वरांपासून दूर. कोणत्या स्वराला कोणता कंप द्यायचा, हे स्वरांच्या ओळीत लिहिलेले नाही. गुरूजवळ बसून शिकलेल्या शिष्याला ते लिहून देण्याची गरजच नव्हती. मोडी लिहिणाऱ्या मुनिमाचेही असेच असे. शब्द सुटे करावयाचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही. कारण वाचणारा आपल्याच पेढीवरचा, त्याला सगळे ठाऊक आहे.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. युरोपातील ख्रिस्ती मठांत नवव्या-दहाव्या शतकांत स्तोत्रांच्या अक्षरांवर बारीक खुणा करीत. आवाज चढतो की उतरतो एवढेच त्या सांगत. किती चढतो हे सांगत नसत. ज्याला स्तोत्र आधीच पाठ होते, त्याच्या स्मरणासाठीच त्या होत्या. अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या इटालियन साधूने रेघांवर स्वर मांडण्याची रीत रूढ केली, तेव्हा न ऐकलेले गीतही वाचून गाता येऊ लागले. आधीच्या खुणांचा उलगडा करण्यासाठी फ्रान्समधील सोलेम येथील मठवासीयांनी एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या ठिकाणच्या हस्तलिखितांची छायाचित्रे जमवून एकच गीत अनेक प्रतींत ताडून पाहिले. त्यांनी १८८९ पासून ती छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्धही केली. एका प्रतीवर विसंबायचे नाही, हा त्यांचा नियम कोणत्याही पेढीवर शोभेल.

या साऱ्यातून उतरवून घेण्याची एक शिस्त मी स्वतःपुरती ठरविली. आपल्याकडे व्यवहार झाला की तो प्रथम रोजकीर्दीत जसाच्या तसा पडतो आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती जातो. रोजकीर्द न लिहिता थेट खतावणी करणारा मुनीम कोणी ठेवणार नाही. स्वरांचेही तसेच करावे. डाव्या पानावर मूळ लेखन जसेच्या तसे उतरावे. टिंब, रेघ, चुकीचे वाटणारे अक्षरसुद्धा. उजव्या पानावर आपल्याला लागलेला अर्थ आजच्या लिपीत लिहावा. जेथे शंका असेल तेथे शंकेची खूण करावी. उजवे पान उद्या चुकीचे ठरू शकते. डावे पान शाबूत असेल तर पुढचा माणूस नव्याने हिशेब मांडू शकतो.

येथे षट्खंडागमाच्या अवताराची कथा आठवल्यावाचून राहत नाही. श्रुताचा लोप होईल या चिंतेने धरसेनाचार्यांनी गिरनारच्या चंद्रगुहेत दोन मुनींना बोलावून घेतले. विद्या देण्यापूर्वी त्यांनी परीक्षा पाहिली. एकाला दिलेल्या मंत्रात एक अक्षर कमी होते, दुसऱ्याच्या मंत्रात एक अक्षर अधिक. साधना पूर्ण झाली तेव्हा एका मुनीपुढे एकाक्षी देवी प्रकटली, दुसऱ्यापुढे दात पुढे आलेली. देवी अशा विरूप असत नाहीत, तेव्हा दोष मंत्रातच असला पाहिजे, असे ओळखून दोघांनी अक्षरे शुद्ध केली आणि पुन्हा साधना केली. तेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली. कमी अक्षर आणि अधिक अक्षर, हे दोन्ही दोष जो ओळखतो त्याच्याच हाती श्रुत सोपवायचे, असा या कथेचा मला लागलेला अर्थ. श्वेतांबर परंपरेतही देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वलभी येथे आगम ग्रंथारूढ करविले, ते याच चिंतेतून. कंठस्थ ज्ञान थोर खरे. पण कंठ थांबण्याआधी ते लिहिले गेले म्हणूनच आज आपल्या हाती आहे.

एवढी तयारी झाल्यावर मी आत्याबाईंकडे वही घेऊन बसलो. रोज सामायिकानंतर अर्धा तास. त्या गात, मी लिहीत असे. नातवाने भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रणही केले. पहिले पद लिहून झाले तेव्हा मी ते वहीवरून त्यांना गाऊन दाखविले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाल्या, "सूर बरोबर आहेत रे. पण तू प्रभूचं नाव असं घेतोस जसं उधारीच्या यादीतलं नाव वाचावं."

मी ओशाळलो. "मग कसं म्हणायचं, आत्याबाई?"

त्यांनी ती ओळ पुन्हा गायिली. नावाच्या आधी त्या क्षणभर थांबत होत्या आणि गांधारावर येताना खालच्या स्वराला हलकेच शिवून येत होत्या. माझ्या वहीत त्या थांबण्याला जागा नव्हती आणि त्या शिवण्याला खूण नव्हती. त्या दिवशी मी स्वतःच्या दोन खुणा ठरविल्या आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांचा अर्थ लिहून ठेवला. शार्ङ्गदेवाने बिंदूचा आणि रेघेचा अर्थ लिहून ठेवला म्हणून आठशे वर्षांनी माझी चूक मला कळली. ज्या गोष्टी त्याच्या काळी सर्वांनाच ठाऊक होत्या म्हणून लिहिल्या गेल्या नाहीत, त्यांच्यावर विद्वान अजून वाद घालीत आहेत.

अकरा पदे आता वहीत आहेत. बाराव्यासाठी आम्ही आसपासच्या गावांतील सात-आठ वृद्ध स्त्रियांना विचारले. माथ्यावरचे नाव दोघींनी ओळखले, चाल कोणालाही सांगता आली नाही. त्या पदाचे पान आत्याबाईंनी मला कोरेच ठेवायला सांगितले आहे. म्हणाल्या, "लिहू नकोस काही. कुणाला आठवली तर जागा लागेल."

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्या घरात कोणी आजी, काकू, आत्या अशी असेल की जिच्या तोंडी पूजेची, पाळण्याची, पारण्याची जुनी पदे आहेत, तर तिच्याजवळ बसावे. ध्वनिमुद्रण अवश्य करावे, पण तेवढ्यावर थांबू नये. यंत्रातील आवाज कोणत्या पदाचा, कोणाचा, हे चार वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. वहीत पद लिहावे. कोणी गायिले, कोणाकडून शिकले, कोणत्या प्रसंगी गातात, कोणता स्वर षड्ज धरला, ताल कोणता, हे माथ्यावर लिहावे. स्वर लिहिता येत नसतील तर गावातील पेटी शिकविणाऱ्यांची मदत घ्यावी. कोणत्या पद्धतीच्या खुणा वापरल्या ते पहिल्या पानावर नोंदवावे. चाल दुसऱ्या गीताची असेल तर ते दुसरे गीतही तेथेच लिहून ठेवावे. आणि लिहून झाले की जिने गायिले तिलाच ते ऐकवावे. ताळा तिच्याजवळच मिळतो.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो. त्यानंतर पाच दिवसांनी येते ती कार्तिक शुद्ध पंचमी. व्यापाऱ्यांची ती लाभपंचमी. अनेक पेढ्यांवर त्या दिवशी नव्या वहीत पहिली रक्कम पडते. आपल्यापैकी अनेक घरांत तीच ज्ञानपंचमीही असते, आणि त्या दिवशी पोथ्यांची पूजा होते. दिगंबर घरांत तो मान ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला आहे. यंदा या दोहोंपैकी आपल्या घरी जी पंचमी पाळतात त्या दिवशी, दुकानाच्या वह्यांशेजारी एक कोरी वही अधिक ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर खुणांचा अर्थ लिहावा आणि दुसऱ्या पानावर घरातील सर्वांत वडील स्त्रीचे एक पद.